'द एज ऑफ इनोसन्स' (१९९३) : शेवटी आर्चर वर का जात नाही?

सायली_नेरूळ

मार्टिन स्कोर्सेसीचा 'द एज ऑफ इनोसन्स' ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी हा धागा. ज्यांना अजून पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं, कारण मला शेवटाबद्दलच बोलायचंय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. १८७० च्या दशकातलं न्यूयॉर्क. न्यूलंड आर्चर हा खानदानी घरातला वकील, त्याचं लग्न तितक्याच खानदानी मे वेलँडशी ठरलंय. तेवढ्यात मेची मामेबहीण, काउंटेस एलेन ओलेन्स्का, पोलिश नवऱ्याला सोडून युरोपातून माहेरी येते. आर्चर तिच्यात गुंततो, तीही त्याच्यात. पण लग्न मेशीच होतं, आणि पुढे सगळं गणगोत आवाजही न चढवता एलेनला युरोपात परत धाडतं. २६ वर्षं जातात. मे वारलेली आहे. ५७ वर्षांचा आर्चर थोरल्या मुलासोबत पॅरिसला जातो. मुलाने परस्पर एलेनशी भेट ठरवलेली असते. आर्चर तिच्या इमारतीखाली बाकावर बसून राहतो, मुलाला एकट्याला वर पाठवतो आणि थोड्या वेळाने उठून निघून जातो.

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून हा सिनेमा दाखवला. नंतर पार्किंगमध्ये रात्री बारापर्यंत वाद. बहुतेकांचं मत एकच, माणूस भित्रा. मला ते अजिबात पटलेलं नाही.

इमारतीपाशी पोचायच्या आधी मुलगा त्याला काय सांगतो आठवा. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने मला एकट्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, तुमच्या बाबांच्या हाती तुम्ही सुखरूप आहात, कारण एकदा मी मागितल्यावर त्यांनी स्वतःला सगळ्यात हवी असलेली गोष्ट सोडून दिली होती. त्यावर आर्चर म्हणतो, तिने कधी मागितलंच नव्हतं.

माझ्या मते सिनेमा इथेच फिरतो. आपल्या बायकोला काही कळत नाही असं तो जन्मभर समजत आला. तिला सगळं ठाऊक होतं, आणि त्याने काय सोडलं तेही तिने मनात जपून ठेवलं होतं. एवढं कळल्यावर तो वर कसा जाईल? तो मेसाठी खाली थांबतो. हा सिनेमा एलेनचा नाही, मेचा आहे. तुम्हाला काय वाटतं?

कोपरीकर

भित्राच आहे. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगा स्वतः घेऊन आलाय, वरची बाई वाट बघतेय. आता कोणाची भीती?

वाचनवेडी_ठाणे

सायली, धागा काढल्याबद्दल आभार. हा माझ्या फार जवळचा विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

कादंबरी ईडिथ व्हॉर्टनची. १९२० मध्ये आधी एका मासिकात चार भागांत आली, त्याच वर्षी पुस्तक निघालं आणि १९२१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. कादंबरीसाठी पुलित्झर मिळवणारी ती पहिली स्त्री. ती स्वतः १८६२ ची, म्हणजे ज्या न्यूयॉर्कबद्दल लिहितेय ते तिने लहानपणी घरातच पाहिलेलं. लिहिताना ती फ्रान्समध्ये राहत होती, स्वतःचा घटस्फोट झालेला, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्या जुन्या जगाचा तिला राग आहे, पण ते पार बुडालं याचं दुःखही आहे, आणि ही दोन्ही टोकं शेवटच्या प्रकरणात एकत्र येतात.

आता मुद्द्यावर. कादंबरीत आर्चर बाकावर बसून स्वतःशी म्हणतो की वर गेलो असतो त्यापेक्षा इथेच मला हे जास्त खरं वाटतंय. मनात जपलेल्या त्या सावलीची धार जाऊ नये, या धास्तीने तो जागचा हलत नाही. हे मेसाठी नाही गं. हे मनातल्या एलेनसाठी आहे. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या आत एक गाभारा केला होता, तिथे ती होती, त्याची पुस्तकं तिथे होती, खरे विचार तिथे होते. बाहेरचं ऑफिस, घर, जेवणावळी हेच त्याला खोटं वाटायला लागलं होतं. असा माणूस वर जाऊन एका पन्नाशी उलटलेल्या बाईसमोर बसेल कसा?

सिनेमात हे वाक्य उच्चारलेलं नाही. त्याऐवजी खिडकीच्या काचेवर ऊन चमकतं आणि त्याला समुद्राकाठचा तो धक्का दिसतो, आणि या वेळी एलेन मागे वळून बघते, हसते. एका वाक्याचं एवढं नेमकं चित्र केलेलं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

सायली_नेरूळ

तो गाभारा मान्य. पण कादंबरीतच असंही आहे ना, की मुलाचं बोलणं ऐकून त्याच्या काळजावरचा लोखंडी पट्टा निघाल्यासारखं झालं? कोणीतरी ओळखलं होतं, कोणाला तरी आपली कणव आली होती, आणि ती व्यक्ती आपली बायको होती, याने तो हलून जातो. हे त्या बाकावर बसण्याच्या थोडंच आधी येतं. दोन गोष्टी लेखिकेने उगाच जवळजवळ ठेवल्या नसणार.

रबाळे_लोकल

मी पुस्तक ठाणे-वाशी लोकलमध्ये येता-जाता वाचलं. कॉपीराइट संपलेला असल्यामुळे नेटवर फुकट आणि अधिकृत मिळतं, ज्यांना हवं त्यांनी उतरवून घ्या.

धक्क्याचा प्रसंग ज्यांना नीट आठवत नाही त्यांच्यासाठी. लग्नानंतरचा उन्हाळा, न्यूपोर्ट. मे आणि एलेनची आजी मिंगॉट आर्चरला सांगते, जा, एलेन खाली किनाऱ्यावर आहे, तिला घेऊन ये. तो उतरतो तर ती लांब धक्क्याच्या टोकाला पाठमोरी उभी. समोरून एक शिडाची होडी चाललेली. तो मनाशी ठरवतो, होडी दीपगृहापलीकडे जायच्या आत तिने वळून पाहिलं तर जाईन, नाहीतर परत फिरेन. होडी जाते. ती वळत नाही. तो फिरतो.

पुढे बॉस्टनला भेटतात तेव्हा एलेन सांगते की तो आलाय हे तिला माहीत होतं. त्याच्या गाडीचे घोडे तिने ओळखले होते आणि म्हणूनच ती किनाऱ्यावर गेली होती. मुद्दाम वळली नाही.

म्हणून शेवटचं चित्र मला जास्त लागतं. ती वळून हसते असं तो मनात पाहतो, आणि प्रत्यक्षात ती वळली नव्हती. म्हणजे वर जी आहे ती खरी एलेन, आणि त्याच्याजवळ जी आहे ती वळून पाहणारी. त्याने दुसरी निवडली. वाचनवेडी यांना अनुमोदन.

पामबीच_पहाटे

+१. अवांतर : पुस्तकात मे सोनेरी केसांची आणि एलेन गडद केसांची आहे. सिनेमात बरोबर उलट, विनोना रायडर काळे केस, मिशेल फायफर सोनेरी. मी आधी पुस्तक वाचलं होतं त्यामुळे पहिली दहा मिनिटं कोण कोण आहे तेच कळेना.

कोपरीकर

@रबाळे_लोकल, होडीवर आयुष्याचा निर्णय टाकणारा माणूस! आणि तुम्ही त्याला भित्रा म्हणायला तयार नाही!

विंगेतून

मी हौशी नाटकांसाठी वेशभूषा करते, गडकरी रंगायतनला विंगेत हातात सुईदोरा घेऊन बरीच वर्षं काढलीत. त्यामुळे मी हा सिनेमा कपड्यांसाठी पुन्हा पुन्हा बघते. गॅब्रिएला पेस्कुची यांना यातल्या वेशभूषेचं ऑस्कर मिळालंय आणि ते शंभर टक्के योग्य आहे.

घोडागाडीतला प्रसंग घ्या. दोन तासांचा एकांत, आणि आर्चर करतो काय, तर तिच्या हातमोज्याची बटणं सोडवतो. ती बटणं मनगटाच्या आतल्या बाजूला, बारीक, एकेक काजातून काढावी लागतात. तो एकेक काढतो, मोजा थोडा बाजूला करतो आणि उघड्या पडलेल्या तेवढ्या कातडीवर ओठ टेकवतो. सगळ्या सिनेमात याहून उघडं काही नाही, आणि तरी तो बघताना माझा श्वास अडकतो. कारण तोपर्यंत आपण तासभर फक्त झाकलेली माणसं पाहिलेली असतात. गळ्यापर्यंत कपडा, हात झाकलेले, डोक्यावर टोपी. असा काळ उभा करायचा तर नुसते भरजरी कपडे पुरत नाहीत, त्या कपड्यांत माणसाला काय करता येत नव्हतं हे दाखवावं लागतं. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत बायका नऊवारी नेसून सोफ्यावर रेलतात तसं रेलतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आणि सायली, तुझ्या मेबद्दल. कादंबरीत ती ऑपेराला आपला लग्नातला पोशाख घालून येते. लग्नानंतर पहिली एक-दोन वर्षं तो मिरवायचा तिथे रिवाजच होता. पण ती नेमकी त्याच रात्री घालते, ज्या रात्री तो तिला सगळं सांगून टाकणार असतो. घरी उतरताना गाडीच्या पायरीत अडकून घोळ फाटतो. तो बोलायला सुरुवात करतो, ती त्याला थांबवते आणि सांगते की एलेन युरोपला परत चाललीय. मग फाटलेला, चिखलाचा पोशाख ओढत खोलीबाहेर जाते. यावर लेखिकेने एक अक्षर भाष्य केलेलं नाही.

मासुंदा_काठी

विंगेतून ताई, दंडवत! फाटक्या घोळाचा तो प्रसंग मी वाचूनही विसरले होते, आता पुन्हा काढून वाचते.

बेलापूरची_वकील

मेचं कौतुक चाललंय म्हणून तिचा दुसरा प्रसंगही मांडते. एलेन अचानक सगळं सोडून का निघते? कारण मेने तिला सांगितलेलं असतं की मी गरोदर आहे. आर्चर विचारतो, पण तू तर म्हणालीस तुला आज खात्री झाली, आणि एलेनशी तर पंधरा दिवसांपूर्वी बोललीस. मे म्हणते, तेव्हा खात्री नव्हती, पण मी तिला सांगितलं, खात्री आहे म्हणून. आणि बघ, खरं निघालं ना! हे म्हणताना तिचे डोळे ओले असतात आणि त्यांत जिंकल्याची चमक असते.

सायली, ही भोळी नाही, बिचारीही नाही. डावपेच तिने खेळले आणि जिंकले. मला ती आवडते, पण शेवटच्या दिवशी मुलाला 'मी मागितलं' म्हणून सांगणं, हाही डावच नसेल कशावरून? मुलगा कधीतरी बापाला सांगणार, हे तिला कळत नव्हतं?

सायली_नेरूळ

वकीलबाई, तेवढ्याचसाठी तर मी म्हणतेय की सिनेमा तिचा आहे! पण मरणाच्या दारात माणूस डाव खेळतो असं मला वाटत नाही. तिने त्याला न सांगता मुलाला सांगितलं, कारण या दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. मुलगा म्हणतो ना, तुम्ही दोघांनी कधी एकमेकांना काही सांगितलंच नाही, नुसते समोरासमोर बसून मनात काय चाललंय याचा अंदाज करत राहिलात. हे वाक्य ऐकल्यावर मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो.

घोडबंदर_सावली

हा खरंच 'गुडफेलाज'वाल्या स्कोर्सेसीचा सिनेमा आहे? मी बंदुका येतील म्हणून थांबलो होतो. 😀

पामबीच_पहाटे

त्याचाच. आणि तो स्वतः याला आपला सर्वांत हिंसक सिनेमा म्हणालाय. निरोपाच्या जेवणाचा प्रसंग परत बघा म्हणजे पटेल. लग्नानंतर आर्चरच्या घरची पहिली मोठी मेजवानी, मान एलेनचा, सगळे हसून बोलतायत. आणि टेबलावर नजर फिरवताना आर्चरच्या लक्षात येतं की इथल्या प्रत्येकाला आपण आणि एलेन एकमेकांचे आहोत अशी खात्री आहे, आणि हे सगळे मिळून तिला आपल्यापासून तोडायला जमलेत. एकानेही एक वाकडा शब्द उच्चारलेला नाही. वर जोआन वुडवर्डचा शांत आवाज निवेदन करतोय. गुंडांच्या सिनेमातही टोळीतून माणूस असाच काढतात, फक्त इथे चांदीचे काटेचमचे आहेत.

सुरुवातीलाही तेच. एलेनच्या स्वागताला आजी मिंगॉट जेवण ठेवते, तर जवळजवळ सगळे 'येता येत नाही, क्षमस्व' कळवतात. झाली बाई वाळीत. मग व्हॅन डर लायडन जोडपं, म्हणजे त्या समाजाचं सर्वोच्च न्यायालय, तिला आपल्या घरी बोलावतं तेव्हा कुठे दारं उघडतात.

मासुंदा_काठी

हे वाचून आमचा जुना नौपाडा आठवला. माझ्या लहानपणी एका घरातल्या मुलीने नवरा सोडला आणि माहेरी येऊन राहिली. कोणी तिला काही बोललं नाही. फक्त चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या घरी जाईनासं झालं. तिची आई दरवर्षी स्वतः हळदीकुंकू करायची, कैरीची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत, आणि संध्याकाळी आम्हा पोरींनाच बोलावून ती डाळ संपवायची. आम्हाला मजा वाटायची. त्या माऊलीला काय वाटत असेल ते आत्ता कळतं. माझ्या आईने तिच्याकडे जाणं कधी सोडलं नाही, याचा मला आजही फार अभिमान आहे.

रबाळे_लोकल

मासुंदाताई, तुमच्या आईंना नमस्कार.

कल्याणचा_नातू

धाग्याला थोडं वळण देतो, पण ठाण्या-कल्याणच्या लोकांना आवडेल म्हणून. आर्चरचं हे न्यूयॉर्क आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या आणि बंदरावर त्यांना घ्यायला मिसेस कार्पेंटर आल्या. त्यांचं घर न्यू जर्सीत रोझेलला, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेजारीच. १८८६ ला आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत वयाच्या २१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या, पकीप्सीला, हडसन नदीच्या काठी. आणि याच नदीच्या काठी आणखी वर ट्रॉय गाव आहे, तिथे या सिनेमाचं बरंच चित्रीकरण झालं, कारण तिथली जुन्या बांधणीची घरं टिकून होती.

ज्या शहरात नवरा सोडलेल्या बाईच्या जेवणाला कोणी येत नव्हतं, त्याच शहराच्या शेजारी दुसऱ्या एका बाईने कल्याणच्या अठरा वर्षांच्या अनोळखी मुलीला आपल्या घरात लेकीसारखं ठेवलं. सिनेमा बघताना माझ्या डोक्यातून हे जातच नव्हतं.

वाचनवेडी_ठाणे

वा! हे मला कधीच सुचलं नव्हतं. फार छान जोडलंत.

बेलापूरची_वकील

कल्याणचा_नातू, मग मीही एक जोडते. मुंबईतला रखमाबाईंचा खटला त्याच सुमाराचा. अकराव्या वर्षी झालेलं लग्न, त्या नांदायला जायला तयार नाहीत, म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने तडजोड केली आणि रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

आता एलेनकडे या. तिला घटस्फोट हवा होता. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चालत होतं, आणि हा कायदा थेट १९६६ मध्ये सुधारला. म्हणजे कोर्टात चिखलफेक अटळ, आणि नवऱ्याने पत्रातून तशी धमकीही दिलेली. घराण्याला बोभाटा नको. मग घराण्याच्या वतीने तिला 'दावा लावू नकोस' असा सल्ला द्यायला कोण जातं? आर्चर! वकील म्हणून! ती त्याच्यावर विश्वास टाकून दावा मागे घेते. त्यानंतर तो येऊन म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती म्हणते, पण तूच तर हे अशक्य करून ठेवलंस.

मी वीस-बावीस वर्षं कौटुंबिक दावे चालवतेय. अशिलाच्या भल्यापेक्षा तिच्या माहेरच्या अब्रूला जपणारा वकील तिचं किती नुकसान करतो हे मला रोज दिसतं. त्यामुळे आर्चरबद्दल मला हळवं व्हायला जमत नाही.

कोपरीकर

वकीलबाई, एकदम सहमत. शेवटी कोणीतरी माझ्या बाजूने आलं!

चरईतला_नातू

मी इथे फारसं लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे आजोबा, आईचे वडील, चरईत राहायचे. तरुणपणी त्यांचं एका मुलीशी ठरत आलं होतं, पोटजातीवरून मोडलं. पुढे दोघांची लग्नं झाली, संसार झाले. आमची आजी गेल्यानंतर काही वर्षांनी आजोबांना कोणाकडून तरी कळलं की त्या बाई मुलाकडे वाशीला राहायला आल्यात. त्यांनी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी मला म्हणाले, वाशीला सोडतोस का. स्वतः शर्टाला इस्त्री केली. कॉलर दोनदा केली. वाटेत लोकलमध्ये एक शब्द बोलले नाहीत.

वर गेलो. त्यांच्या सुनेने चहा आणि शंकरपाळे आणून ठेवले. त्या बाईंना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे आजोबांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि दोघं बोलली काय, तर गुडघ्याचं ऑपरेशन करावं का, शाळेतले अमके मास्तर कधी गेले, ठाण्याच्या तलावात आता होड्या आहेत का. तासाभराने निघालो. मला वाटलं होतं आजोबा उदास होतील. घरी येऊन ते पोटभर जेवले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं म्हणाले. आणि गेलेही, त्या असेपर्यंत जात राहिले.

त्यांच्या आठवणींची धार गेली का, मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या आयुष्यात एक माणूस वाढलं. म्हणून मला वाटतं आर्चरने वर जायला हवं होतं.

विंगेतून

कॉलर दोनदा केली! आजोबांना माझा साष्टांग.

सायली_नेरूळ

चरईतला_नातू, डोळे भरून आले. लिहीत जा हो.

वाचनवेडी_ठाणे

फार सुंदर. पण एक फरक राहतोच. तुमच्या आजोबांनी संसार खरा मानला आणि ती आठवण बाजूला ठेवली. आर्चरने आठवण खरी मानली आणि संसार निभावला. पहिल्या माणसाला भेटायला जाता येतं. दुसऱ्याकडे तीच एक पुंजी आहे, ती मोडली तर त्याच्याजवळ काय उरेल?

रबाळे_लोकल

पण वाचनवेडी, शेवटच्या प्रकरणात आर्चर संसाराला तसं खोटं म्हणत नाही. लग्न हे रटाळ कर्तव्य असलं तरी त्याचा मान राखला पाहिजे, त्याला हे पटलेलं आहे. मेसाठी तो मनापासून रडलेला आहे. धाकट्याची शुश्रूषा करताना तिला न्यूमोनिया झाला, त्यात ती गेली. पन्नाशीनंतरचा आर्चर आधीच्यापेक्षा बराच शहाणा आहे. मी या बाबतीत आता सायलीकडे झुकतोय.

घोडबंदर_सावली

एक भाबडा प्रश्न. किती मजले चढायचे होते?

रबाळे_लोकल

कादंबरीत पाचवा मजला. आणि लिफ्ट आहे! मुलगा चिडून विचारतो, मी तिला काय सांगू, की तुम्ही जुन्या वळणाचे आहात, लिफ्ट आवडत नाही म्हणून पाच जिने चढून येताय? आर्चर म्हणतो, जुन्या वळणाचा आहे एवढंच सांग, पुरे.

बेलापूरची_वकील

दोन दिवस धागा वाचतेय. सगळे विचारतायत की आर्चर मेसाठी थांबला, की आठवणीसाठी, की भीतीने. वर बसलेल्या बाईचं काय?

तिला निरोप गेलेला आहे. साडेपाचला दोघं येणार हे तिला माहीत आहे. पहिल्यांदा तिच्या घटस्फोटाचा निर्णय तिच्या वतीने इतरांनी घेतला आणि आर्चर तो पोचवायला गेला. मग तिने अमेरिका सोडायचा निर्णय मेच्या एका वाक्याने झाला. आणि आता, सगळे अडथळे संपल्यावर, तिला भेटायचं की नाही हेही आर्चर एकटाच बाकावर बसून ठरवतो. तिला भेटायचं असेल तर? तिला काही सांगायचं असेल तर? तिच्या मनातली आठवण त्याच्याइतकी नाजूक नसेल तर? आर्चर थोर की भित्रा, हा माझा प्रश्नच नाही. त्याने तिला याही वेळी विचारलं नाही, ही माझी तक्रार आहे.

मासुंदा_काठी

वकीलबाई, कडक. टाळ्या.

विंगेतून

खरंय. आणि सिनेमात शेवटी आपल्याला एलेन दिसतच नाही. तिचं वय, तिचे पांढरे झालेले केस, तिचे कपडे, काहीच नाही. मला वेशभूषाकार म्हणून ती पाहायची फार इच्छा होती.

सायली_नेरूळ

वकीलबाई, तुमचा मुद्दा जबरदस्त आहे आणि मी त्यावर रात्रभर विचार केला. पण एलेन गप्प आहे असं मला वाटत नाही. शेवटी ती खिडकी कोण बंद करतं? नोकर. कादंबरीत तो सज्जात येतो, छत वर ओढून घेतो, झडपा लावतो, आणि आर्चर, जणू याच खुणेची वाट बघत होता असा, उठतो. नोकर संध्याकाळी झडपा लावतो हे त्याचं रोजचं काम असेल. पण मुलगा वर पोचलेला आहे, त्याने सांगितलेलं आहे की बाबा खाली बसलेत. तिला सज्जात येऊन पाहता आलं असतं. ती आली नाही. न्यूपोर्टच्या धक्क्यावर तो मागे उभा आहे हे माहीत असून ती वळली नव्हती, तीच ही एलेन. तेव्हा तिने ठरवलं होतं, आताही ठरवलं. मला वाटतं झडपा लावायला तिनेच सांगितलं.

बेलापूरची_वकील

हे पुराव्यात बसणार नाही, सायली. नोकराची साक्ष नाही, तिची साक्ष नाही. पण वाचन म्हणून मला आवडलं. निदान यात तिला स्वतःचा निर्णय आहे.

वाचनवेडी_ठाणे

सायली, मग मेसाठी थांबला हा तुझा मुद्दा कुठे गेला?

सायली_नेरूळ

कुठेही गेला नाही. तो मेसाठी बसला, आणि एलेनने त्याला जा म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा त्या दोघींना त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

कोपरीकर

सगळं वाचलं. खिडकीचं पटलं, आजोबांचं फारच पटलं. आर्चरबद्दलचं माझं मत कायम. पुढच्या शनिवारी नेरूळला आणखी काही दाखवणार असाल तर कळवा, ठाण्याहून आम्ही चौघं येतो, आणि पार्किंगमधला वाद नंतर क्लबहाऊसमध्येच बसून घालू.